दारापर्यंत आणलेली गाडी

तलवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला कालवा आडवा येतो. म्हणजे खरं तर कालवा वरून जातो आणि रस्ता बिचारा त्याच्या पोटाखालून. वर पाणी, खाली माणसं, असा तो पूल. बांधला तेव्हा त्याच्याखालून कडब्यानं भरलेली गाडी वर बसलेल्या माणसासकट आरामात जायची. पण रस्ता करणारे दर खेपेला जुन्या डांबरावर नवं डांबर ओतून मोकळे झाले. रस्ता वर चढत गेला, पूल होता तिथंच राहिला. उंची लिहिलेली पाटी मात्र पहिल्या दिवसाचीच. त्या पाटीवर भरवसा ठेवून ट्रकवाले येतात आणि डोकं आपटून घेतात.

पूल संपला की गावाच्या अंगाला पहिलं घर सुंदरबाईचं. ट्रक धडकला की तिच्या मांडणीवरची ताटं खणखणतात आणि ताटांच्या पाठोपाठ तिचं तोंड सुटतं. "पूल काय रातीतून उगवला का रे? डोळे घरी ठिवून येता का?" असं म्हणत ती रस्त्यावर येते, ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करते आणि मग तांब्याभर पाणी देते. फारच दमलेला दिसला तर चहासुद्धा. त्या वाटेनं नेहमी जाणारे ड्रायव्हर तिला ओळखून होते. एकजण तर अडकल्याबरोबर खाली उतरून आधी तिला हात जोडायचा, मग गाडीकडं बघायचा.

पुलाला लागूनच रहमतुल्लाचं पंक्चरचं दुकान. अडकलेल्या ट्रकच्या चाकांतली हवा सोडायची, गाडी जराशी बसली की हळूच मागं घ्यायची आणि पुन्हा हवा भरून दुसऱ्या रस्त्यानं लावून द्यायची, हे त्याचं काम. तो हवा भरायचा, सुंदरबाई शिव्या. दोन्ही घेतल्याशिवाय तिथून कुणी पुढं गेलेलं नाही.

लोकांना वाटायचं, म्हातारीला ट्रकांचा एवढा राग आहे कारण एका ट्रकानं तिचा पोरगा नेला. ते काही अगदीच खोटं नव्हतं. तिचा नवरा, आप्पा, जाऊन वर्षही झालं नव्हतं. राम तिचा एकुलता एक. त्यानं शिकून कुठंतरी सरकारी खुर्चीवर बसावं असं तिच्या मनात. एके दिवशी पुलाखाली बाहेरगावचा ट्रक अडकला, राम हवा सोडायला मदत करायला गेला तो त्याच ट्रकावर क्लीनर म्हणून बसून निघून गेला. निघताना सुंदरबाई दारात उभं राहून ओरडली होती, "त्या ट्रकावर बसलास तर ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस!" रागाच्या भरात आई काय काय बोलते. चार महिन्यांनी तो आला तेव्हा तिनं त्याला पोटभर वाढलं, राग कधीच विरून गेला होता. पण विरला असं सांगायचं राहून गेलं. आईनं लेकाला असलं काही सांगायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. वाढलेल्या ताटावरून कळत नाही का, असा तिचा हिशोब.

राम क्लीनरचा ड्रायव्हर झाला, अंबाजोगाईला बिऱ्हाड केलं, वनमालाशी लग्न झालं, आरोही झाली. आणि ह्या दसऱ्याच्या आधी एका सकाळी त्याचा फोन आला.

"आई, गाडी घेतली."

"कुणाची?"

"सोताची. माझी. नवी कोरी हाय. दसऱ्याला घेऊन येतो. तू ओवाळायची."

सुंदरबाईला असा आनंद झाला की हातातली भाकरी तव्यावरच राहिली. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वनमाला हाय की ओवाळायला."

"वनमाला हायच. मला तुझ्या हातानं पायजे."

"न्हाई रे. मला न्हाई जमायचं."

"कावून?"

इथं तिनं खरं सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. पण हे फोनवर कसं सांगायचं? सांगितलं तर तो हसण्यावारी नेणार, हट्टानं ताट हातात देणार, आणि पुढं त्या गाडीला वाटेत काही कमीजास्त झालं तर? ती गप्प बसली.

पलीकडून रामनंच विचारलं, "आजूक राग हाय का तुज्या मनात? मी ड्रायव्हर झालो म्हनून?"

"तसंच समज," ती म्हणाली आणि फोन ठेवला. राग सांगणं सोपं होतं. आयुष्यभर तेच तर करत आली होती. भाकरीचा मात्र कोळसा झाला होता.

खरं काय होतं ते सुंदरबाईनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पा गेले त्याच वर्षी पुतण्याचं लग्न होतं. नवरदेव दारात आला आणि सवयीनं सुंदरबाई ताट घेऊन पुढं झाली. नणंदेनं मागून येऊन ते ताट हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे बाई तू," एवढंच म्हणाली, तेही मायेनं. भांडण नाही, टोचून बोलणं नाही. पण सगळ्या मांडवानं ते पाहिलं असं सुंदरबाईला वाटलं आणि तिचं कपाळ भाजल्यासारखं झालं. भल्या भल्या ड्रायव्हरांना पळवून लावणारी ही बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर तिला कुणी पुन्हा अडवलं नाही, कारण तिनं कुणावर तशी पाळीच येऊ दिली नाही. शुभकार्य निघालं की ती आपणहून मागं सरायची. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात. रामच्या लग्नात मागच्या खांबाला टेकून बसली. आरोहीच्या बारशाला चुलीपुढून उठली नाही. आपलं पांढरं कपाळ लेकराच्या चांगल्याच्या आड यायला नको, एवढीच तिची धडपड. हे सगळं पाहून लेकाला काय वाटत असेल, हा विचार तिच्या डोक्यात आला नाही. आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

दुपारी वनमालाचा फोन आला. वनमाला तशी अबोल सून, सासूला कधी उलटून बोलली नव्हती.

"आत्याबाई, एक सांगू का? पेंटरनं गाडीवर आईचा आशीर्वाद असं लिहिलतं. सगळ्याच गाड्यांवर आसतंय तसं. ह्यांनी आज जाऊन ते पुसायला लावलं. म्हनले, जे न्हाई ते कावून लिवायचं."

सुंदरबाईनं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत ती दळण निवडत बसली आणि निवडलेलंच पुन्हा निवडत राहिली.

दसऱ्याला सकाळी राम आला. गाडी पुलाच्या पल्याड उभी केली. हलगीवाला त्यानं गेवराईहूनच सोबत आणला होता. आरोही धावत पुलाखालून आजीकडं आली. "आजी, चल ना, पप्पांनी बोलावलंय. गाडी पल्याड हाय."

"माझं गुडघं लई दुखायलेत बाय. तू जा."

आरोही गेली आणि थोड्या वेळानं निरोप घेऊन परत आली. "पप्पा म्हनले, तिला न्हाई येता येत तर मी गाडीच दारात आनतो. मग तर बघशील का म्हनले."

सुंदरबाईला पूल ठाऊक होता. रामला तर तिच्याहून जास्त. नव्या गाडीच्या केबिनवर पत्र्याचा भला मोठा मुकुट बसवलेला होता, चारी बाजूंनी रंगवलेला, वर कळस काढलेला. पुलाखालून त्याचं जाणं कठीणच. पण आईचा स्वभाव लेकात उतरल्याशिवाय राहतो का? तो हट्टाला पेटला.

पल्याड काय चाललंय ते तिला घरात बसून ऐकू येत होतं. रामनं बांबू लावून उंची पाहिली. मुकुट अडतोय. सोडवायचा म्हटलं तर वेल्डिंग केलेला. रहमतुल्लानं चाकांतली हवा सोडली. तरी अंगठाभर कमीच.

"रिकामी गाडी ताठ आसती, राम," रहमतुल्ला म्हणाला. "वजन पायजे. मानसं बसवा. गाडी दबली की मुंगीच्या पावलानं काढू."

मग काय विचारता! दसऱ्याचा दिवस, सगळी वस्ती नव्या कपड्यांत, कुणाला काही काम नाही. बाया, बापे, पोरंसोरं सगळी ट्रकात चढली. रहमतुल्लानं त्यांना केबिनच्या पाठीला चिकटवून दाटीवाटीनं खाली बसवलं. वजनदार माणसांना पुढं, हडकुळ्यांना मागं. "बंकटराव, तुमी आगदी फुडं. आज तुमच्या पोटाचं सार्थक झालं," असं कुणीतरी म्हणालं आणि ट्रकभर हसणं झालं. शेजारचा उत्तरेश्वर तेवढ्यात पळत सुंदरबाईच्या दारात आला.

"चला की काकी. तुमच्याच लेकाची गाडी हाय. तुमी बसल्या तर आजून दबंल."

"मला न्हाई यायचं. जा तू."

"किती राग धरताय ओ काकी? आज दसरा हाय," असं पुटपुटत तो गेला. म्हणजे लोकही तसंच समजत होते. तिनं दार लावून घेतलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. पुरण शिजत होतं. हलगी वाजू लागली. रहमतुल्लाचा आवाज आला, "आनदे... आनदे... हळू... आजून हळू..." आणि नव्या इंजिनाचा दमदार आवाज त्यामागून.

लेकाची गाडी दाराशी येतेय आणि आई चुलीत बघत बसलीय. तिला ते सहन होईना. ती मागच्या दारानं निघाली आणि गोठ्याच्या कुडाआड जाऊन उभी राहिली. तिथून रस्ता दिसायचा, रस्त्यावरून ती दिसत नव्हती, असं तिला वाटत होतं.

पुलाच्या सावलीत गाडीचं तोंड दिसलं. झेंडूच्या माळा, आपट्याच्या डहाळ्या, दोन्ही बाजूंना लाल गोंडे. पोळ्याच्या बैलासारखी नटली होती. काचेमागं राम, जीभ दातात धरून, वर एक डोळा आणि रहमतुल्लाच्या हातावर एक. लहानपणी सुईत दोरा ओवून द्यायचा तेव्हा असाच दिसायचा. सुंदरबाई भान विसरली. मान जरा पुढं केली, मग पाऊल, मग आणखी एक. कुडाच्या बाहेर कधी आली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आजी!" केबिनमधून आरोही ओरडली. "पप्पा, आजी आली! बघा, आजी आली!"

"सुंदरबाई आली रं!" मागं कुणीतरी ओरडलं. आणि ट्रकातली सगळी जवान पोरं एकदम उठली. हा सोहळा मोबाईलमध्ये धरायचा तर आधी पुढं पळायला हवं. धडाधड मागच्या फाळक्यावरून उड्या पडल्या. "बसा! बसा रं!" रहमतुल्ला बोंबलला, पण कोण ऐकतंय. ओझं उतरलं, दबलेली गाडी स्प्रिंगांवर उठली आणि मुकुट पुलाच्या पोटाला जाऊन भिडला. कर्र्र करून पत्रा फाटला. कळस वाकडा होऊन काचेवर लोंबकळला. हलगी थांबली.

तो आवाज सुंदरबाईनं जन्मभर ऐकला होता. पण आज ताटं नाही, तिचंच अंग खणखणलं. आपण बाहेर आलो, गाडीनं आपलं तोंड पाहिलं आणि हे झालं. इतकी वर्षं ज्याला जपलं ते शेवटी घडलंच. ती वळली आणि घराकडं चालू लागली, जवळजवळ पळतच.

"आता कुठं चाललीस?" राम केबिनमधून उडी मारून पुलाखालून धावत आला. तिच्यापुढं येऊन वाट अडवून उभा राहिला. तोंड लालेलाल झालं होतं. "जातीस कावून? दे की शिव्या! परगावावरनं आलेल्या ट्रकवाल्याला देतीस, त्याला पानी बी पाजतीस. मला शिव्या बी न्हाईत व्हय? तोंड फिरवून जायचं?"

"राम, आरं तसं न्हाई..."

"मग कसं? दारापसोर आनली गाडी. आजून काय करू?"

लपवायला आता काही उरलं नव्हतं. "आरं माझ्या तोंडानं झालं हे," ती म्हणाली. "म्हनून येत नव्हते मी. तुझे आप्पा गेल्यापसून मी कुटं म्होरं येते का? मोकळं कपाळ घेऊन लेकराच्या नव्या गाडीला आडवी येऊ व्हय रे? राग न्हवता. राग कवाच गेलता. तू पयल्यांदा माघारी आलतास ना, त्याच दिवशी गेलता."

राम तिच्याकडं बघतच राहिला. मागं लोक जमा होत होते, पण तो हळू आवाजात, जणू दोघंच असल्यासारखा बोलू लागला.

"माझ्या लग्नात मागं खांबाला बसलीस. मानसं इचारत होती. मी म्हनलं, तिला ट्रकवाला पोरगा आवडत न्हाई. ते बी ह्याच्यापायी?"

"ते बी."

"आरोहीच्या बारशाला पाळन्यापशी आली न्हाईस?"

"ते बी."

"आन मी अंबाजोगाईला दवाखान्यात पडलोतो तवा? दारातनं बघून मागं फिरलीस. माझ्या डोक्याला हात बी लावला न्हाईस. मी बघत होतो आई. झोपेचं सोंग घेतलतं."

सुंदरबाईला त्याच्याकडं बघवेना. "तवा तर लई भ्याले होते," ती कशीबशी म्हणाली.

राम रस्त्याकडेच्या दगडावर बसला. इतका दांडगा माणूस, पण एकाएकी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसायला लागला. "मला वाटायचं, मी तुला नको झालोय," तो म्हणाला. "गाडी चालवताना लई वेळा ठरवायचो की आता जाऊन पाय धरायचे, म्हनायचं मला माफ कर. आन घरी आलो की तू ताट वाढून आत निघून जायचीस. मग मी बी गप बसायचो."

दवाखान्याच्या त्या दारातून पलंगापर्यंत किती अंतर होतं? दोन पावलं असतील नसतील. तिनं ती टाकली नाहीत आणि तो डोळे मिटून वाट बघत पडून राहिला. हे आता कशानं भरून निघणार होतं? तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत पांढरे धागे होते. हे आले कधी, हेही तिला माहीत नव्हतं.

रहमतुल्ला हात पुसत जवळ आला. "भाबी, तुमच्या तोंडानं काय बी झालेलं न्हाई," तो म्हणाला. "मानसं उतरली म्हनून गाडी उठली. मी कवाचा बोंबलतोय बसा म्हनून. त्या पोरांला शिव्या द्या. आमाला त्याची सवय हाय."

कुणीतरी हसलं. राम उठला, त्यानं आईचा हात धरला आणि तिला पुलाखाली गाडीपुढं आणून उभं केलं. ती मागं ओढत होती, पण फार जोरानं नाही. वनमाला ताट घेऊन आली. निरांजन मघाच्या गोंधळात विझलं होतं. रहमतुल्लानं काडी ओढली. वनमालानं ताट सासूच्या हातात दिलं आणि काही न बोलता बाजूला सरून उभी राहिली.

सुंदरबाईनं गाडीच्या नाकावर कुंकू लावलं. मग रामच्या कपाळाला. अक्षता टाकल्या. ताट फिरवताना ती कान देऊन ऐकत होती. आता कुणीतरी मागून येईल, आता कुणीतरी म्हणेल, ऱ्हाऊ दे बाई. तिची पाठ ताठ झाली होती.

कुणीच काही म्हणालं नाही. तिनं भीतभीत मागं वळून पाहिलं. बाया फाळक्यावरून एकमेकींचा हात धरून उतरत होत्या, चुरगळलेली नवी लुगडी झटकत होत्या. बंकटराव फाटलेल्या पत्र्याखाली उभं राहून रहमतुल्लाला गाडी मागं कशी घ्यायची ते शिकवत होते. एका म्हातारीनं फक्त एवढंच विचारलं, "झालं का गं सुंदरे? भुका लागल्यात सगळ्यांला." तिच्या कपाळाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. ह्या असल्या माणसांना भिऊन तिनं लेकाचं लग्न खांबाआडून पाहिलं होतं.

"झालं," ती म्हणाली, आणि ताट हातात तसंच धरून भर रस्त्यात रडू लागली.